शनिवारचा विजांचा अंदाज

रोज सकाळी साडेसातला रेडिओ आधी खाकरायचा आणि मग बोलायचा. खाकरणारा माणूस मेल्व्हिन. गावातल्या वणवा-ऑफिसात तो सव्वीस वर्षं एकाच खुर्चीत बसलेला होता आणि त्याचं नाक तेवढीच वर्षं चोंदलेलं होतं. वर्गात धडा वाचायला उभ्या केलेल्या नाखूश मुलासारखा तो दर दोन शब्दांनी थांबून अंदाज वाचायचा.

"उत्तर भागासाठी... आजचा अंदाज. कमाल तापमान... एकोणतीस. वारा... पश्चिमेचा. दुपारनंतर... गडगडाटी ढग. विजांची शक्यता..."

इथे तो थांबायचा आणि भरलेली बादली खाली ठेवावी तसा शेवटचा शब्द टाकायचा.

"जास्त."

टेकडीवरच्या टेहळणीच्या मनोऱ्यात एफी मोझेस चहाचा मग धरून त्याच्याबरोबर ओठ हलवायची. चौकीतला हा तिचा बाविसावा उन्हाळा. मेल्व्हिन कुठे श्वास घेणार हेही तिला पाठ होतं. या आठवड्यात सोमवारी 'जास्त', मंगळवारी 'जास्त', बुधवारी 'फार जास्त' आणि गुरुवारी पुन्हा 'जास्त'.

एरवी तिला काही वाटलं नसतं. जुलैत इकडे ऊन मावळायचं नाव घेत नाही, जंगल तापतं, दुपारी ढग कोबीच्या गड्ड्यांसारखे फुगतात आणि संध्याकाळी विजा पडतात. पडल्या की कुठे पडल्या ते सांगायला वरती माणूस लागतो. यंदा मात्र तिला शनिवार मोकळा हवा होता. शनिवारी दुपारी चार वाजता गावच्या सभागृहात तिच्या वारलेल्या धाकट्या भावाचं, पर्सीचं, वर्षाचं जेवण होतं.

एफी आणि पर्सी लांडगा कुळीचे. लांडग्यांचं माणूस गेलं की लांडगे रडतात आणि कावळा कुळीचे लोक कामं करतात. खड्डा त्यांनी खणायचा, पेटी त्यांनी करायची, थडग्याभोवतीचं कुंपणही त्यांनीच रंगवायचं. वर्ष उलटल्यावर उन्हाळ्यात दगड बसला की लांडग्यांनी त्यांना पोटभर जेवू घालायचं आणि ज्याने जे केलं त्याचं नाव घेऊन हातात ब्लँकेट द्यायचं. ते देतं घरातलं सगळ्यात मोठं माणूस. पर्सीच्या घरात मोठी उरली होती एफीच. तेवीस ब्लँकेटं तिने हिवाळाभर एकेक करून आणली होती. ती आता धाकट्या बहिणीकडे, हेझेलकडे, पलंगाखाली पडून होती.

बदली माणूस हेलिकॉप्टरने येणार आणि त्याच फेरीत एफी उतरणार, असं ठरलं होतं. पण शनिवारचा अंदाज 'मध्यम' किंवा त्याखाली आला तरच. 'जास्त' असेल तर हेलिकॉप्टर वणव्यासाठी राखून ठेवायचं, असा ऑफिसचा नियम.

शुक्रवारी दुपारी पश्चिमेकडून ढग आला. एफीने चूल विझवली आणि काचेच्या पायांचं स्टूल खोलीच्या मधोमध ओढलं. स्टूलवर पाय वर घेऊन ती बसली, कारण वीज टेकडीवर पडली तर जमिनीला टेकलेलं काहीच बरं नाही. तास-दीड तास ती तशीच बसून विजा मोजत राहिली. सतरा पडल्या. गुडघे आखडले. डोळ्यांत वाळू गेल्यासारखं झालं. ढग पुढे गेला तेव्हा तिने सतराच्या सतरा दिशा मेल्व्हिनला वाचून दाखवल्या आणि बुटांसकट पलंगावर आडवी झाली.

शनिवारी सकाळी रेडिओ खाकरला.

"विजांची शक्यता..." मेल्व्हिन थांबला. या वेळी मुद्दामच थांबला असावा. "कमी."

"पुन्हा वाच," एफी म्हणाली.

"कमी, मावशी. क-मी. दोन वाजता तुझी पालखी येतेय. आंघोळ कर जरा, सहा आठवडे झालेत." मेल्व्हिन एफीहून चार वर्षांनी मोठा होता, पण गावात सगळेच तिला मावशी म्हणायचे.

"तू नाक शिंकर आधी."

पलीकडच्या टेकडीवरून रेडिओ ऐकणारा म्हातारा लुंड घशातल्या घशात हसला. तिकडच्या मनोऱ्यात तो एकटा असायचा आणि दिवसभरात दहा शब्द बोलायचा. हसणं त्यात धरायचं नाही.

एफीने पाणी तापवून केस धुतले. मण्यांचं भरतकाम केलेलं जाकीट पिशवीतून काढून खुर्चीवर पसरलं. उरलेली जाड भाकरी आणि सुकवलेला रावस बदली माणसासाठी फडक्यात बांधून ठेवला.

अकराला तिने नेहमीसारखी खिडक्यांवरून नजर फिरवली. उत्तरेच्या दरीत, बीव्हर प्राण्यांच्या तळ्याच्या वरच्या अंगाला, झाडांतून एक पांढरा दोरा वर आला होता.

पाऊस पडून गेला की ओल्या जंगलातून असे वाफेचे दोरे निघतात. मनोऱ्यावरची माणसं त्यांना कुत्री म्हणतात, कारण ती जागेवर बसत नाहीत. इथून उठतात, तिथे फिरतात आणि ऊन चढलं की पळून जातात. धूर मात्र खुंटीला बांधल्यासारखा एकाच जागेवरून येतो. ऐकायला सोपं वाटतं. बारा वर्षांपूर्वी एफीने याच तळ्यावरच्या वाफेला धूर म्हटलं होतं. हेलिकॉप्टरमधून चार माणसं गेली, गुडघाभर चिखलात उतरली आणि डासांचे चावे घेऊन परत आली. तेव्हापासून गावात दुकानात गेलं तरी कोणीतरी विचारणारच, "काय मावशी, कुत्रं बांधलंस का?" सगळ्यात जास्त विचारायचा तो कावळ्यांचा आल्विन. पर्सीचं कुंपण त्यानेच रंगवलं होतं.

तिने दिशा मोजायच्या तबकडीवरची पट्टी फिरवून दोऱ्यावर धरली आणि दिशा वहीत लिहिली. मग केस पुसत उभी राहिली.

सव्वा अकराला तो तिथेच होता. साडेअकराला जरा पातळ झाला. जातंय कुत्रं, असं तिने स्वतःला सांगितलं. पाऊण वाजता पुन्हा पट्टी धरली. दिशा तीच, केसभरही फरक नाही.

लुंडच्या मनोऱ्यावरून ती दरी दिसत नाही. हे फक्त तिलाच दिसत होतं. दोन वाजता ताज्या डोळ्यांचा माणूस वर येणार होता. तो बघेल, त्याचं काम आहे. आपण पायऱ्या उतरून जायचं, काही बोलायचं नाही. आठवडाभर विजा मोजलेल्या बाईला एक दोरा दिसला नाही, तर कोण काय म्हणणार. ती खुर्चीवर जाकिटाशेजारी बसली आणि आपण किती दमलोय ते तिला पहिल्यांदाच नीट कळलं. मग खिडकीची काच थरथरली. पश्चिमेचा वारा उठला होता. दोऱ्याचा शेंडा पूर्वेला कलला, बूड हललं नाही.

तिने रेडिओ उचलला.

"मेल्व्हिन. उत्तरेच्या दरीत धूर आहे. दिशा लिहून घे."

रेडिओ खरखरला. "मावशी, तेच तळं?"

"तेच."

"कुत्रं नाही ना?"

"माहीत नाही. पावणेदोन तास झाले, बसून आहे."

"हेलिकॉप्टर एकच आहे, एफी." तो तिला एफी कधीच म्हणत नसे.

"मला माहितीये किती आहेत ते. लिहून घे."

दीड वाजता हेलिकॉप्टर तिच्या टेकडीवरून पुढे गेलं, न उतरता. तीन वाजता माणसांचा निरोप आला. विजेने चिरलेलं एक झाड होतं, मुळांत आग धुमसत होती. जळालेली जागा स्वयंपाकघराएवढी. विझवली. पाऊस आला असता तर कदाचित आपोआप विझली असती, नाहीतर नसतीही, असं त्यांचा मुकादम म्हणाला. सव्वातीनला मेल्व्हिनने दुपारचा सुधारलेला अंदाज वाचला. पश्चिमेला पुन्हा ढग उठत होते. या वेळी तो मध्ये कुठे थांबला नाही. "जास्त," म्हणाला आणि बटण सोडलं.

एफीने जाकिटाची घडी घातली.

चार वाजून गेल्यावर रेडिओ पुन्हा जिवंत झाला. मागे भांड्यांचा आणि खुर्च्यांचा आवाज होता. ऑफिसचा हातातला रेडिओ घेऊन मेल्व्हिन रस्ता ओलांडून सभागृहात गेला होता. खासगी बोलण्याला त्या रेडिओवर सक्त मनाई होती.

"ताई," हेझेलचा आवाज आला. "सूप वाढून झालं. सगळे बसलेत. मला नावांचा क्रम माहीत नाही गं. पर्सीचं कोणी काय केलं ते तुलाच माहीत."

एफी तबकडीशी उभी राहिली. रोज दिशा वाचते त्याच सपाट आवाजात तिने सुरुवात केली.

"पहिलं, आल्विन. कुंपण. निळं ब्लँकेट."

"दिलं," हेझेल म्हणाली.

"दुसरं, वॉल्टर. खड्डा. जमीन गोठलेली होती, दोन दिवस शेकोटी लावून खणला त्याने. त्याला जाडवालं दे."

"दिलं."

"तिसरं, आयर्मा. त्याला आंघोळ घातली तिने."

इथे तिने बटण सोडलं. मग लुंडचा जाडा आवाज आला, "ऐकतोय. पुढे." तिने पुढची नावं घेतली. अर्धा तास लागला. त्या अर्ध्या तासात साऱ्या उत्तर भागात रेडिओवर दुसरं कोणी बोललं नाही.

तेविसावं ब्लँकेट दिल्यावर कोणीतरी हेझेलच्या हातून रेडिओ घेतला.

"मावशी, आल्विन बोलतोय. ब्लँकेट मिळालं. टोचतंय."

"लोकर आहे. धुऊन वापर."

"बरं. कुत्रं चावरं निघालं म्हणे आज."

"हो."

"कुंपण बघायला ये उतरलीस की. पावसाआधी दुसरा हात दिलाय."

"येईन."

पश्चिमेचा ढग आता डोंगराला टेकला होता. एफीने चूल विझवली आणि काचेच्या पायांचं स्टूल मधोमध ओढलं. मग बटण दाबलं. "पाच वाजताची नोंद. तापमान सव्वीस. ढग पश्चिमेला, वाढते. लिहून घे, मेल्व्हिन."

"लिहितोय," मेल्व्हिन म्हणाला. या वेळी तो खाकरला नाही.