पंचफुला पाहुणी निघाली

पंचफुलाला धुरपदाबाईचं घोरणं अंधारातही ओळखू यायचं. सुमनबाईची कुठली दाढ दुखते आणि पंकजाला कशाच्या वासानं मळमळतं, हेही तिला पाठ होतं. दरसाल दिवाळी झाली की ऊसतोडीची टोळी ट्रकमधून सांगलीकडं निघायची आणि पुढचे पाचसहा महिने या बाया फडाच्या कडेला लागून लागून उभारलेल्या कोप्यांत राहायच्या. कोपी म्हणजे बांबू आणि ताडपत्री, आत शिरायचं ते वाकून. एकीच्या चुलीचा धूर दुसरीच्या डोळ्यात जायचा. पण हंगाम सरला, ट्रक परत फिरला, की जी ती आपल्या फाट्यावर उतरून चालू लागायची. एवढ्या वर्षांत पंचफुलानं त्यातल्या एकीच्याही घराचा उंबरा पाहिला नव्हता.

यंदाचा उन्हाळा मात्र रिकामा आला. लेकीचं, निकिताचं, लग्न होऊन दोन वर्षं झाली होती. मुलगा गोपाळ चाकणला कामाला लागला होता आणि त्याची मोटारसायकल वालूरच्या घरी ओट्याला टेकून उभी होती. शेवया झाल्या, कुरडया वाळल्या, दोन एकराचं तुकडं नांगरून झालं. एका सकाळी परमेश्वर फडकं घेऊन मोटारसायकल पुसत बसला. नवरा काही पुसायला बसला की त्याच्या मनात काहीतरी असतं, हे पंचफुलाला ठाऊक होतं.

"उद्या निघूत का?" तो म्हणाला.

"कुटं?"

"तुज्या मैतरणींकडं. आधी धुरपदाबाई, मग सुमनबाई, मग गंगाखेडला सूर्यभान अन् पंकजा. समदे धरणांच्या कडंला राहतेत. तेवढंच गार वाटंल."

पंचफुला हातातलं सूप तसंच धरून उभी राहिली. "लगीन न्हाई, मयत न्हाई. मग जायचं कशाला?"

"भेटायला."

नुसतं भेटायला म्हणून ती जन्मात कुठं गेली नव्हती. माहेरीसुद्धा कारण काढूनच जाणं व्हायचं. दिवसभर ती उगीच चिडचिड करत राहिली आणि संध्याकाळी मात्र तिनं तीन पिशव्यांत कुरडया भरल्या, ठेवणीतलं हिरवं लुगडं काढलं आणि शेजारणीला कोंबड्यांकडं बघायला सांगितलं.

ऊन चढायच्या आत ते सेलू ओलांडून गेले. धुरपदाबाईचं गाव दुधनेच्या धरणात गेलेलं, म्हणून वरच्या माळावर नव्यानं वसवलेलं. रस्ते सरळ, घरं सारखी, झाडं अजून लहान. तीनदा विचारून घर सापडलं. ओसरीवर धुरपदाबाईची सासू बसली होती. तिनं दोघांकडं निरखून पाहिलं आणि विचारलं, "कोण वारलं?"

"कोणी न्हाई, मामी. सहज आलाव."

म्हातारीचा काही विश्वास बसला नाही.

आतून धुरपदाबाई आली तेव्हा पंचफुलाला क्षणभर ती ओळखूच आली नाही. फडावर हीच बाई पदर कमरेला खोचून मुकादमाशी भांडायची, ट्रॅक्टरवाल्याला दमात घ्यायची, डोक्यावर मोळी घेऊन ट्रकला लावलेल्या फळीवरून अशी चढायची की बघत राहावं. इथं तिच्या डोक्यावरचा पदर कपाळापर्यंत आलेला, आवाज खाली गेलेला. चहा दिला तोही मान खाली घालून. पंचफुलाला वाटलं, आपण उगीच आलो.

दुपार कलल्यावर धुण्याची बादली उचलून धुरपदाबाई म्हणाली, "चल, पाण्यावर जाऊन येऊत." उन्हाळ्यानं धरण बरंच आत सरकलं होतं. ओल्या चिखलातून म्हशी वर येत होत्या. घर नजरेआड झालं तसा धुरपदाबाईनं पदर मागं टाकला, कमरेला खोचला आणि एवढ्या मोठ्यानं हाक मारली की दोन म्हशी थबकल्या.

"काय गं, इथं एवढी गरीब कशी झालीस?" पंचफुलानं विचारलं.

"फडावर सासू असती का?" धुरपदाबाई म्हणाली, आणि दोघी खडकावर बसून पोट दुखेस्तोवर हसल्या. त्या दिवशी धुणं लय वेळ चाललं.

दुसऱ्या दिवशी जिंतूरवरून ते येलदरीला पोचले. धरणाकडं जाणाऱ्या रस्त्यावर सुमनबाईच्या मुलानं, जीवननं, तळलेल्या मासळीचा गाडा टाकला होता. धंदा बरा चालला होता. मागं दोन खोल्यांचं पक्कं घर. सुमनबाई दारातच भेटली. तिला आनंद झाला हे दिसत होतं, पण तोंडावरचा रंगही उडाल्यासारखा वाटला. तिच्यामागून नवी सून पाणी घेऊन आली. ही प्रियंका, जिंतूरला बारावीपर्यंत शिकलेली, लग्नाला अजून वर्ष झालेलं नव्हतं.

"प्रियंका, हे आमचे कंपनीतले," सुमनबाई घाईघाईनं म्हणाली. "मी फुलाबाईंचं सांगत न्हवते का? त्या अन् त्यांचे मालक."

पंचफुलानं सुमनबाईकडं पाहिलं. सुमनबाईचे डोळे काकुळतीला आले होते. सोयरीक जमवताना सासू ऊस तोडायला जाते हे सांगायचं तिच्या जिवावर आलं असणार. पंचफुला सुपारी कातरत बसली. "व्हय," ती म्हणाली, "एकाच खात्यात आमी."

प्रियंकानं मन लावून विचारलं, "मावशी, कंपनीत काय बनतं?"

पंचफुलाच्या हातातला अडकित्ता थांबला. कंपनीत काय बनतं हे तिनं सुमनबाईला विचारलं नव्हतं आणि आता विचारायची सोय नव्हती. तेवढ्यात भिंतीला टेकून बसलेला परमेश्वर बोलला, "साखर."

"आमी पहिल्या खात्यात," तो शांतपणे पुढं म्हणाला. "माल आत येतो ना, तिथं."

सुमनबाईला एकदम ठसका लागला. पाणी पिऊन ती चुलीकडं गेली ती बराच वेळ बाहेर आली नाही.

जेवायला रोहूचं कालवण होतं, ज्वारीच्या भाकरी, वर कांदा. परमेश्वरला मासळीचे काटे काढता येत नाहीत म्हणून सुमनबाईनं शेपटाकडचे तुकडे काढून डोक्याकडचे वाढले, जसं ती फडावर कधीमधी मासळी मिळाली की करायची. जीवननं त्यांना धरणाच्या भिंतीजवळ नेऊन पाणी दाखवलं. पंचफुलानं एवढं पाणी एका जागी कधी पाहिलं नव्हतं. तिला पाण्यापेक्षा वारा आवडला.

सकाळी ती परसात भांडी घासायला बसली तशी प्रियंका तिच्याजवळ येऊन बसली आणि हळूच म्हणाली, "मावशी, मला ठाऊक हाय."

"काय?"

"माजा मामा जातो तोडीला. तुमच्या अन् सासूबाईंच्या हाताला सारखेच वळ हायेत. मामीच्याबी हाताला असेच हायेत." तिनं राखेत बोट फिरवलं. "त्यांना सांगू नका. लपवायला त्यांना किती कष्ट पडायलेत. मला कळलंय असं कळलं तर त्यांना लय लागंल."

पंचफुलानं त्या पोरीच्या डोक्यावरून ओलाच हात फिरवला आणि मग राख लागली म्हणून आपल्याच पदरानं तिचे केस पुसले.

जिंतूर मागं पडल्यावर तिनं नवऱ्याला मागून सगळं सांगितलं. परमेश्वरनं गाडीचा वेग कमी केला. "मग आता सुमनबाईला सांगायचं का?"

"न्हाई."

"अन् सुनंला?"

"तिला काय सांगायचं? तिला समदं ठाऊकच हाय. तुमी गाडी चालवा."

परभणीत ऊन मी म्हणत होतं. विद्यापीठाच्या बाजूला झाडीत रसवंती होती, तिथं ते टेकले. पंचफुलानं बर्फ घातलेला रस मागवला, मग अजून एक. परमेश्वरनं लिंबू सरबत घेतलं. त्याला उसाचा वास नको झाला होता. "पाच महिने वास घेतला की माणसानं," तो म्हणाला. पंचफुलाला तसलं काही वाटलं नाही. बाकड्यावर बसून, दुसऱ्यानं पिळलेला रस ती पहिल्यांदाच पीत होती आणि तिला तो गोड लागला.

गंगाखेडच्या अलीकडं गोदावरी कोरडीठाक होती, पण पुढं मासोळी नदीच्या धरणात पाणी होतं. सूर्यभान आणि पंकजा हे जोडपं दोन वर्षांपूर्वी टोळीतून गळलं होतं. सूर्यभानच्या कमरेनं साथ सोडली होती. आता धरणाचं पाणी ओसरलं की उघड्या पडणाऱ्या गाळाच्या जमिनीत ते टरबूज, काकडी लावायचे. गाळपेर म्हणतात तिला. घर गावात, पण उन्हाळाभर दोघं पाण्याच्या कडेला, मांडव घालून राहत होते.

"बरं झालं आलात," पंकजा म्हणाली, आणि दुसऱ्या वाक्याला रडकुंडीला आली. व्यापाऱ्याचा टेम्पो सकाळी येणार होता, टरबुजं वेलावर तयार होती, आणि ठरलेल्या बाया गावात लग्न निघालं म्हणून आल्या नव्हत्या.

"तुमी पाहुणे हायेत, तुमी बसा," सूर्यभान म्हणाला.

पंचफुलानं एकदा त्या हिरव्या पट्ट्याकडं पाहिलं. तीन दिवस ती लोकांच्या घरी बसून होती. हातावर हात ठेवून बसणं हे तिला कोयता चालवण्यापेक्षा अवघड गेलं होतं. तिनं ठेवणीतलं लुगडं मांडवात सोडून ठेवलं, पंकजाचं जुनं नेसली आणि वाफ्यात उतरली. टरबूज वाजवून कसं बघायचं, देठाजवळचा तंतू वाळलाय का ते कसं पाहायचं, हे पंकजानं तिला एकदा दाखवलं. दुसऱ्या दिवशी टेम्पो भरेपर्यंत पंचफुला आणि परमेश्वरनं हात थांबवला नाही.

एक दिवस राहायचं ते चार दिवस राहिले. सूर्यभानला आग्रह करावा लागला नाही. संध्याकाळी परमेश्वर गळ्याइतक्या पाण्यात जाऊन बसायचा तो हाका मारल्याशिवाय बाहेर यायचा नाही. नवरा एवढा वेळ रिकामा बसलेला पंचफुलानं पाहिलाच नव्हता.

निघायच्या आदल्या दिवशी जेवताना सूर्यभान म्हणाला, "पुढच्या साली वाटा धरा. मला वाकवत न्हाई, तुमचे हात हायेत. शेजारची पट्टीबी मिळंल."

परमेश्वरनं बायकोकडं पाहिलं. त्याचं उत्तर तयार होतं, हे तिला दिसलं. ती लगेच हो म्हणणारी नव्हती.

"पाणी उतरलंच न्हाई तर?" तिनं विचारलं.

"मग काहीच न्हाई," सूर्यभान म्हणाला. "मी खोटं कशाला सांगू? पाऊस लय झाला की आमची जमीन पाण्याखाली राहती."

"मंजे पाऊस पडावा का पडू नये?"

"आमी ते कुणापुढं बोलत न्हाई," पंकजा म्हणाली, आणि सगळे हसले.

परतताना मोटारसायकलवर टरबुजाचं पोतं होतं, त्यामुळं पंचफुलाला अंग चोरून बसावं लागलं. वालूर येईस्तोवर तिनं हिशेब केला तो एवढाच, की कोपीत किती हंगाम गेले आणि अजून किती झेपतील.

दसऱ्याला टोळी जमवायला मुकादम आला. यंदा आम्ही येत नाही, असं पंचफुलानंच त्याला सांगितलं. तो फुगून बसला, चहाला नको म्हणाला, मग प्यायला. टोळी गेली त्या दिवशी ती फाट्यावर जाऊन उभी राहिली. ट्रकमधून धुरपदाबाईनं तिला दोन शिव्या दिल्या आणि सुमनबाईनं हात हलवला. ट्रक दिसेनासा झाला तरी ती थोडा वेळ तिथंच होती. चूक केली की काय, असं तिला त्या दिवशी वाटलं आणि नंतरही बऱ्याचदा वाटलं.

पाऊस भरपूर झाला होता. मासोळीचं पाणी उशिरा उतरलं आणि हाताशी आली ती अरुंद पट्टी. टरबुजाला दिवस पुरणार नाहीत असं सूर्यभानचं मत पडलं. पंचफुला म्हणाली, मग काकडी लावू, ती लवकर येते. त्या उन्हाळ्यात चौघांनी मिळून बरीचशी काकडीच लावली, आणि पाण्याच्या अगदी कडेला, जिथं पाय घोट्यापर्यंत रुततो, तिथं थोडी खरबुजं.