सहीआधीची फेरी

निलंग्याच्या स्टँडवर गाडी लागली की लोक खिडकीतून रुमाल टाकून जागा धरायचे आणि फिटरआबा गाडीभोवती फेरी मारायचे. पुढच्या डाव्या चाकापासून सुरुवात, मग मागचं चाक, मागची शिडी, पलीकडची बाजू आणि शेवटी ड्रायव्हरच्या दारापाशी येऊन पत्र्यावर दोन थापा. प्रत्येक चाकाला हात लागलाच पाहिजे. तोवर बसायच्या जागा संपलेल्या असायच्या, पण त्याचं त्यांना काही नव्हतं. नवा कंडक्टर वैतागायचा, "ओ आजोबा, देवळात आलाव का?" जुने ड्रायव्हर मात्र चावीला हात लावून थांबायचे आणि विचारायचे, "आबा, सोडू का?" आबांनी मान हलवली की गाडी हलायची.

स्टँडसमोर माझं डीटीपीचं दुकान होतं. लग्नपत्रिका, अर्ज, पोरांचे बायोडेटा, जे येईल ते टाईप करून द्यायचे. मी तेव्हा पंचविशीची होते आणि जगातलं सगळं आपल्याला कळतं अशी माझी ठाम समजूत होती. ऐंशीच्या पुढच्या या म्हाताऱ्याची फेरी बघून मी काचेआडून पोटभर हसायचे. एके दिवशी ती फेरी माझ्याच दुकानाला पडली. आबांनी दाराची बिजागरी हलवून पाहिली, खुर्चीचे चारही पाय चाचपले, मग बसले आणि फडक्यात बांधलेली वही टेबलावर ठेवली.

"पोरी, विमानाच्या शाळेची हकीकत लिहायची हाय. तुला जमंल का?"

दुसऱ्या महायुद्धात वैमानिक कमी पडायला लागले तेव्हा दक्षिणेकडच्या एका माळावर घाईघाईने एक शाळा उभी राहिली होती. तिथे कोवळ्या पोरांना विमान चालवायला शिकवायचे. आबा अठराव्या वर्षी तिथे इंजिनाचे फिटर म्हणून लागले. युद्ध संपलं, शाळा मोडली, आणि आबा परत येऊन आयुष्यभर विहिरींवरची इंजिनं दुरुस्त करत राहिले. पण शाळेत पाहिलेलं सगळं त्यांनी वहीत लिहून ठेवलं होतं, आणि तेही उर्दूत. निजामाच्या राज्यात शिकलेला माणूस, दुसरं काय लिहिणार! मराठी ते पुढे वाचायला शिकले, पण लिहायला हात वळायचा नाही. घरात ती वही कुणालाच वाचता येत नव्हती. म्हणून ते वाचून मराठीत सांगणार आणि मी टाईप करणार, असं ठरलं.

पहिल्याच दिवशी माझं सगळं शहाणपण गळालं. मला वाटायचं, विमान म्हणजे लोखंड. आबा म्हणाले, "कापड व्हतं बाई, कापड. लाकडाचा सांगाडा आन् त्याच्यावर शिवलेलं कापड."

"शिवलेलं? सुईदोऱ्यानं?"

"मग! बोटाबोटावर टाका. वरून रोगण लावायचं. सुकलं की ढोलावानी वाजायचं." त्यांनी टेबलावर बोटाने टिचकी मारून तो आवाज काढून दाखवला. आपल्या ब्लाउजसारखं शिवलेलं काहीतरी घेऊन माणसं आभाळात जायची, या विचाराने माझे हात कीबोर्डवर तसेच राहिले. समोर बसलेल्या माणसाने हे रोज सकाळी पाहिलं होतं. त्या दिवसापासून मी त्यांना हसणं बंद केलं.

त्यांचे कानही तसलेच. तेव्हा भारनियमन फार, दुकानाबाहेर माझा जनरेटर धडधडत असायचा. आबा सांगता सांगता थांबायचे, एक बोट वर करायचे आणि म्हणायचे, "प्लग काळा पडलाय तुझा." उघडून बघावं तर खरंच काळा. मी थक्क होऊन विचारलं की म्हणायचे, "इंजिन खोटं बोलत न्हाई. ऐकायची फुरसत पायजे."

त्यांचा चहाचा नियम मला सगळ्यात जाचक वाटायचा. मी चहा मागवायचे आणि तो त्यांच्यासमोर साय धरून गार व्हायचा. त्या दिवशीचं पान छापून, भिंग लावून, शब्द न् शब्द तपासून, खाली उर्दूत सही केल्याशिवाय ते कपाला शिवत नसत. "आधी काम, मग चा." सहीला ते दस्तखत म्हणायचे. शाळेत विमान सोडायच्या आधी फिटरने त्याच्याभोवती फेरी मारायची, प्रत्येक जागेला हात लावून बघायचं आणि कागदावर दस्तखत करायचं. ते पाहून वैमानिक चढायचा. "वर गेल्यावर खाली उतरून बघता येत न्हाई पोरी. बघायचं ते जमिनीवरच."

हकीकतीत त्यांनी साहेबलोकांना एकच पान दिलं. बाकी सगळी जागा शिंप्याला, आचाऱ्याला, धावपट्टीवरच्या म्हशी हाकलणाऱ्याला. प्रत्येकाचं नाव, गाव. एकदा मी विचारलं, आपल्या माणसांना तिथे कसं वागवायचे? आबा बौद्ध, मीही बौद्ध, त्यामुळे प्रश्न अर्धवट विचारला तरी त्यांना पुरला. ते म्हणाले, "रांजणापाशी इचारायचे, कुणाचा हायेस. विमानापाशी कुणी इचारलं न्हाई. तिथं नट घट्ट हाय का, एवढंच." मग वहीचं पान उलटत, "म्हणून मी विमानापाशीच ऱ्हायचो."

शेवटून दुसरं पान त्यांनी नेहमीच्याच आवाजात सांगितलं. मी टाईप करत गेले आणि तिसऱ्या ओळीला माझी बोटं अडखळली. ते पान मला अजून पाठ आहे. 'त्या सकाळी गारठा होता. चहा आला होता. माझा जोडीदार म्हणाला, मी विमान पाहिले आहे, तू सही कर. मी फेरी न मारता सही केली. शिकाऊ वैमानिक माझ्याच वयाचा होता. चढताना त्याने मला विचारले, देख लिया? मी म्हणालो, देख लिया. ते विमान परत आले नाही. चौकशीत हवामानाचे कारण निघाले. मला कोणी काही विचारले नाही. चूक इंजिनात होती की नव्हती हे मला माहीत नाही, कारण मी पाहिले नव्हते.'

मी मान वर केली. आबा जनरेटरकडे कान देऊन बसले होते. चहावर साय आली होती.

पुस्तक छापून आणायचं काम त्यांच्या मुलाकडे होतं. ते लातूरला मुख्याध्यापक, मी त्यांना सर म्हणायचे. मजकूर वाचून ते एका दुपारी एकटेच दुकानात आले. चेहरा उतरलेला. म्हणाले, "ताई, ते पान काढा. आमच्या वस्तीतला माणूस विमानापर्यंत गेला, हे मी तीस वर्षं पोरांना सांगत आलोय. गावात प्रकाशन ठेवलंय. या वयात लोकांनी त्यांच्याकडे बोट दाखवायचं का?" डोळे भरून आले होते त्यांचे. मला त्यांचं पटलं. आबांवर माझाही जीव जडला होता. मी ते पान काढलं आणि पुढच्या पानाचा आकडा बदलला.

शेवटचं प्रूफ बघायला आबा आले तेव्हा त्यांच्या डोळ्यावर पट्टी होती, मोतीबिंदू काढलेला. दुसऱ्या डोळ्याने आधीच अंधुक दिसायचं. भिंग हातात घेतलं, दोन ओळींवर फिरवलं आणि खाली ठेवलं. "दिसत न्हाई बाई. तू एकेक पान बघितलंस?"

"हो आबा, बघितलं."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, पेन काढलं आणि दस्तखत केलं. मग गार चहा एका घोटात पिऊन, काठी टेकत गाडीकडे गेले.

मी खोटं बोलले नव्हते. एकेक पान खरंच बघितलं होतं. पण काचेपलीकडे आबा पट्टी बांधलेल्या डोळ्याने गाडीभोवती फिरत होते, मागच्या चाकासाठी हवेत हात चाचपत होते. आयुष्यात एकदाच न बघता सही केलेल्या माणसाकडून मी दुसऱ्यांदा तशीच सही घेतली होती. दुकान उघडं टाकून मी धावले.

"आबा, एक पान काढलंय मी. ते पान. तुम्हाला न सांगता." सरांचं नाव मी घेतलं नाही.

त्यांचा हात चाकावर तसाच राहिला. ड्रायव्हरने वरून विचारलं, "आबा, सोडू का?" आबांनी काठी आडवी धरली. मग माझ्या डोक्यावर हात ठेवला. त्या हाताला टायरची धूळ होती.

"बरं झालं पोरी," ते म्हणाले, "उडायच्या आधी सांगितलंस."

गाडी त्यांच्याविना गेली. आम्ही दुकानात परत आलो. मी पान जागेवर घातलं आणि ते, पुढचं, मागचं, सगळं पुस्तक त्यांना मोठ्याने वाचून दाखवलं. चार तास लागले. त्यांनी पहिली सही खोडून शेजारी नवी केली आणि म्हणाले, "आता चा सांग. गरम."

गावातल्या विहारात पुस्तकाचं प्रकाशन झालं. आबांनी तेच पान वाचायला घेतलं. डोळा अजून पुरता बरा नव्हता, अक्षर लागेना. पहिल्या रांगेत मान खाली घालून बसलेले सर उठले आणि वडिलांसाठी पानावर भिंग धरून उभे राहिले. पान संपल्यावर टाळ्या वाजल्या नाहीत. एक म्हातारी तेवढी म्हणाली, "कुणाचं लेकरू व्हतं गं माय ते!" आणि आबांनी पानात न लिहिलेलं त्या वैमानिकाचं नाव सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं. एवढा मोठा माणूस मी त्याआधी पाहिला नव्हता, आणि त्यानंतरही पाहिला नाही.

दुकान आता मोठं झालंय. कुणी घाईत "करा की सही, मी बघितलंय" म्हणालं की मी कागद आधी स्वतः वाचते. लोक मला खडूस म्हणतात.

पुस्तक आलं त्याच्या पुढच्या वर्षी आबा लातूरला सरांच्या घरी वारले. कळताच मीही तिथे पोचले. गावी न्यायला गाडी आली, त्यांना आत ठेवलं, दार लागलं. ड्रायव्हर परका होता, त्याला घाई होती. पण सर आत बसेनात. ते गाडीच्या पुढे गेले, डाव्या चाकापाशी वाकले आणि त्याला हात लावला. मग मागचं चाक, पलीकडची बाजू, सगळी फेरी. शेवटी ड्रायव्हरच्या दारापाशी येऊन त्यांनी पत्र्यावर दोन थापा मारल्या.

"सर, सोडू का?" ड्रायव्हरने विचारलं.

सरांनी एकदा माझ्याकडे बघितलं आणि मान हलवली.