वासंतीवहिनींचं शेवटचं नाटक

नाटक बसवायला आम्हाला अख्खा पावसाळा लागतो. किस्सा मात्र तालमीशिवाय घडतो आणि पहिल्याच प्रयोगाला हाऊसफुल्ल जातो! खेडला आमची नाट्यसंस्था सुरू झाल्यापासून आमच्याकडे नाटकांपेक्षा किस्सेच जास्त साठलेत. चहाला बसलो की कुणीतरी एक काढतो आणि तालीम राहते बाजूला.

*

संस्था रजिस्टर करायला गेलो तेव्हा कळलं, नट कमी असले तरी चालतील, पदाधिकारी पूर्ण हवेत! अध्यक्ष म्हणून एसटीतून रिटायर झालेले कंट्रोलर अण्णा मिळाले. आवाज खणखणीत, म्हणून पहिल्या प्रयोगाची अनाउन्समेंटही त्यांनाच दिली.

तिसरी घंटा झाली. अण्णांनी माईक धरला आणि सवयीने सुरू झाले, "प्रवाशांनी इकडे लक्ष द्यावं! खेडहून सुटणारं दोन अंकी नाटक थोड्याच वेळात फलाटावर लागेल!"

मागच्या रांगेने पिशव्या उचलल्या!

*

सेटसाठी शिर्केकाकूंनी आपला नवा सोफा दिला आणि त्याच्यावर पहारा द्यायला स्वतः पहिल्या रांगेत बसल्या. दुसऱ्या अंकात आमचा नायक, म्हणजे बँकेतला सुर्वे, भांडता भांडता सोफ्यावर पाय घेऊन बसला.

"पाय खाली घे आधी! तुझ्या बापाचा सोफा हाय काय?"

सुर्वे पाय खाली घेऊन म्हणाला, "सॉरी काकू!" लोकांनी हॉल डोक्यावर घेतला. दापोलीच्या प्रयोगात आम्ही ते वाक्य ठेवलं. मग काकूंनाही न्यावं लागलं. आता त्या कार्यकारिणीवर आहेत.

*

संस्था खरी वाढली ती वासंतीवहिनींमुळे. दिवसभर अंगणवाडीत पोरं सांभाळणारी बाई, पण स्टेजवर उभी राहिली की आम्ही बाकीचे नुसते फर्निचर! मिस्टर प्रकाशराव मुंबईला कंपनीत. वहिनी घरी चुलीपाशी संवाद पाठ करायच्या. एकदा जरा जास्तच रंगल्या, "मला या घरात एक क्षणही राहायचं नाही!"

शेजारणीने थेट मुंबईला फोन लावला. दुसऱ्या दिवशी सकाळी दारात प्रकाशराव, सोबत समजूत घालायला दोन मेहुणे!

वहिनी म्हणाल्या, "बरं झालं आलात. समोरचे संवाद म्हणायला कुणी नव्हतं!"

मेहुणे हसले, प्रकाशराव नाही. नाटकं मी बसवतो, म्हणून त्यांनी मलाच बजावून सांगितलं, "सर, आता खेडच्या प्रयोगाला मी स्वतः येतो. आणि ते हिचं शेवटचं नाटक."

आंजर्ल्याचं, बुरोंडीचं बोलावणं आलेलं, आणि वहिनींच्या जागी उभं राहायला दुसरं कुणी नाही. पण मला खरं वाईट वाटत होतं ते त्यांच्यासाठी. त्या म्हणाल्या, "नाटक नसलं तरी मी राहीन हो सर. पण नुसती राहीन."

*

खेडचा प्रयोग. हॉल भरलेला, प्रकाशराव पहिल्या रांगेत, चेहरा आंबट. आमचे भिकूदादा पडदा ओढतात, आणि प्रयोगाआधी देवाला गाऱ्हाणंही तेच घालतात. बंद पडद्यामागे आम्ही सगळे हात जोडून उभे राहिलो. माईक चालू आहेत हे कुणाच्याच ध्यानात नाही!

"बा देवा म्हाराजा! आज जो खेळ लावलाय, तो नीट पार पडू दे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" आम्ही म्हणालो. पडद्यापलीकडून अख्खा हॉलही म्हणाला. कोकणातली माणसं, गाऱ्हाणं कानावर पडलं की गप्प कशी बसतील? मी घाबरून खुणा केल्या, पण भिकूदादांचे डोळे मिटलेले.

"लाईट जाऊ नको देऊस रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आणि ह्या आमच्या वासंतीचा घरवाला तिचं नाटक बंद करायला मुंबईवरनं आलाय. त्याच्या डोक्यात उजेड पाड, आणि तिला अशीच कायम खेळत ठेव रे म्हाराजा!"

वहिनींनी पदर तोंडाला लावला. मी पडद्याच्या फटीला डोळा लावला.

पहिल्या रांगेत प्रकाशराव चपला काढून, हात जोडून, डोळे घट्ट मिटून उभे होते. आणि सगळ्यांत मोठा आवाज त्यांचाच आला, "व्हय म्हाराजा!"