सकाळी घेतलेलं हसू

इमारतीत राहायला आली तेव्हा ती कुणाच्या फारशी नजरेत भरली नव्हती. लक्षात आली ती एका संध्याकाळी. गॅलरीत बसली होती, पुढ्यात गरम पाण्याची बादली आणि पाण्यात मनगटापर्यंत बुडवलेले दोन्ही हात. जिना चढणाऱ्या कुणीतरी विचारलं, "भाजलं की काय?"

"नाही हो," ती म्हणाली. "आज टाळ्या फार झाल्या."

तिचं कामच ते होतं. टीव्हीवरच्या गाण्याच्या, विनोदाच्या कार्यक्रमांत समोर प्रेक्षक बसलेले दिसतात, त्यांतले बरेच रोजावर आणलेले असतात. ती त्यांतली एक. मुलं तिला टीव्हीमावशी म्हणू लागली आणि बघता बघता ती सगळ्यांचीच मावशी झाली. नवरा एके काळी ट्रक चालवायचा. अर्धांगाचा झटका आल्यापासून तो खिडकीजवळच्या खाटेवर पडून होता. मावशी सकाळी बाहेर पडू शकायची ती केवळ शेजारच्या खोलीतल्या शिवणवालीच्या जिवावर. दुपारी मशीन थांबवून ती त्याला ताट वाढायची, गोळी द्यायची आणि वर दम भरायची, "भावोजी, नाटकं नकोत. भात संपला पाहिजे." दोघी बायकांचं असं होतं, की एकीच्या घरी मीठ संपलं की दुसरीला आधी कळायचं.

मावशीच्या कामाची रीत जरा अजब होती. सकाळी कार्यक्रम सुरू व्हायच्या आधीच, रिकाम्या मंचासमोर, माणसं आणणारा मुकादम ओरडायचा, "चला, हसून घ्या!" की सगळे पोट धरून हसायचे. मग "थक्क व्हा." मग "डोळे पुसा." कॅमेरे हे सगळं टिपून ठेवायचे आणि पुढे कार्यक्रमवाले जिथे जे लागेल तिथे ते चिकटवायचे. रडण्यात मावशी बरी होती, पण हसण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. मुकादम तिला मुद्दाम दुसऱ्या रांगेत बसवायचा. मनात काही नसताना इतकं हसायचं म्हणजे अंगमेहनतच. घरी आली की तिचे गाल दुखायचे आणि नवऱ्याशी बोलायलासुद्धा तोंड उघडवत नसे. गंमत अशी, की हे सगळं ठाऊक असूनही घरी टीव्हीपुढे बसली की तीच म्हणायची, "बघा हो, ती कोपऱ्यातली बाई किती मनापासून रडतेय!"

शिवणवालीची मुलगी गायची. आवाज गोड, पण स्वभाव लाजरा. गाण्याच्या स्पर्धेसाठी मुलं निवडतायत ही बातमी मावशीनेच आणली. मुलगी निवडली गेली. आईने पोटच्या गोळ्यासाठी निळा झगा शिवला, तीनदा उसवला, चौथ्यांदा शिवला. "मी पाठवतेय ती तुझ्या भरवशावर," ती मावशीला म्हणाली. "तू समोर बसशील ना?"

मावशी समोर होती. दुसऱ्याच कडव्याला मुलीचा आवाज चिरकला. ती थांबली, पुन्हा सुरुवात केली, कसंबसं गाणं संपवलं. गाताना तिची नजर सारखी मावशीकडे जात होती आणि मावशी दोन्ही हात छातीशी घट्ट धरून बसली होती, डोळे भरून आले होते. परतताना बसमध्ये मुलगी तिच्या खांद्यावर डोकं टेकून झोपून गेली. घरी आल्यावर मावशीने शिवणवालीला सांगितलं, "छान म्हणाली गं. जरा आवाज चिरकला, इतकंच."

काही आठवड्यांनी तो भाग टीव्हीवर आला. शिवणवालीच्या खोलीत अर्धी इमारत जमली होती. मावशीला मानाची जागा, अगदी पुढे. निळा झगा दिसला तशी मुलांनी शिट्ट्या वाजवल्या. मग दुसरं कडवं आलं, आवाज चिरकला आणि पडदाभर मावशीचा चेहरा आला. तोंड उघडं, डोळे मिटलेले, शेजारी बसलेल्या बाईच्या खांद्यावर थापा मारत ती खदाखदा हसत होती.

जाहिरात लागली तसे लोक एकेक करून उठले.

"अगं, ते सकाळचं हसू आहे," मावशी म्हणाली. "तेव्हा पोरगी आलीसुद्धा नव्हती! ते लोक कुठलंही कुठे लावतात."

"हसू म्हणजे काय दूध आहे, सकाळचं नि संध्याकाळचं असायला?" शिवणवाली म्हणाली.

"माझ्यावर विश्वास नाही तुझा?"

"हातच्या कांकणाला आरसा कशाला? डोळ्यांनी पाहिलं मी." शिवणवालीने टीव्ही बंद केला. "माझी पोर तिथे रडकुंडीला आली होती आणि तू..."

पुढचं बोलायची गरज उरली नाही, कारण दुसऱ्या दिवसापासून तेवढाच तुकडा फोनाफोनांत फिरू लागला. चिरकलेला आवाज, मावशीचं हसणं. पुन्हा आवाज, पुन्हा हसणं. मुलीच्या वर्गात कुणीतरी तो बाकाखाली लावायचं आणि बाई मागे वळल्या की बंद करायचं. मुलीने गाणं सोडलं. आंघोळीला गेल्यावर न्हाणीघरातून गुणगुणणं ऐकू यायचं, तेही थांबलं.

नळावर मावशी जरा खुलासा करायला गेली की बायका एकमेकींकडे बघायच्या. "खाई त्याला खवखवे," एकजण दुसरीला ऐकू जाईल इतक्याच हळू म्हणाली. शिवणवालीने दुपारचं ताट मात्र बंद केलं नाही. "तो माणूस काही हसला नव्हता," असं तिने सगळ्यांना सांगून टाकलं. ताट ठेवायची, गोळी द्यायची आणि मावशी यायच्या आत आपलं दार लावून घ्यायची.

मावशी मुकादमाकडे गेली. "एकदा येऊन सांगा तिला. तुमचं ऐकेल ती."

"मी कुठे कुठे सांगत फिरू, मावशी? आणि वाईट काय झालं? लोक तुम्हाला ओळखायला लागले! उद्यापासून पहिल्या रांगेत बसा."

शेवटची आशा होती ती मुलीची. ती तर तिथे होती, तिने समोरासमोर पाहिलं होतं. एक दिवस मावशीने तिला जिन्यात गाठलं.

"तू सांग ना आईला. तू माझ्याकडेच बघत होतीस. मी हसत होते का गं?"

मुलीने पायरीकडे बघत म्हटलं, "नव्हतीस बहुतेक. हात असे धरले होतेस, असं वाटायचं मला."

"मग?"

"मग ते इतक्यांदा पाहिलं ना, मावशी. आता आठवायला गेलं की तू हसतानाच दिसतेस. दुसरं काही येतच नाही डोळ्यांपुढे." तिने दप्तर खांद्यावर चढवलं. "मी खोटं नाही बोलत."

खोटं बोलत नव्हती, हे मावशीला दिसतच होतं. शेजारीण रागावली होती, आणि राग आज ना उद्या निवला असता. पण हे निवणारं नव्हतं.

घरी येऊन ती खाटेच्या कडेला बसली. "अहो, मी हसले असेन का हो? एखाद्या क्षणी, नकळत?"

झटक्यानंतर नवऱ्याची जीभ जड झाली होती, तिरकसपणा मात्र शाबूत होता. "तुला हसताना," तो सावकाश म्हणाला, "मी शेवटचं कधी पाहिलं तेच आठवत नाही. पडद्यावर सोडून."

तिने त्याची उशी सारखी केली आणि चूल पेटवायला उठली.

पुढच्या कामाच्या दिवशी मुकादम ओरडला, "चला, हसून घ्या!" पहिली रांग हसली. मावशीचं तोंड उघडेना.

"काय झालं, मावशी? बरं नाही का?"

"टाळ्या वाजवीन," ती म्हणाली. "मान डोलवीन. सांगाल तितकं रडेन. हसायचं मला सांगू नका."

"अहो, तुमच्या हसण्याला तर गिऱ्हाईक आहे!"

"असू दे."

मुकादमाने कपाळाला हात लावला, चार माणसांदेखत बडबडला, आणि त्या पहिल्या जागेवर एका हसऱ्या तरण्या मुलीला बसवलं. कामावरून काढलं नाही एवढंच. हात चांगले वाजतात, आवाज भरीव येतो, म्हणाला.

हल्ली मावशी शेवटच्या रांगेत बसते, कॅमेरा पोचत नाही तिथे. शिवणवाली अजून तिच्याशी बोलत नाही.