आत्या रुसली नव्हती

चहा घ्या अगोदर, मंग सांगते. माझी फजिती गरम चहासोबतच बरी लागते. आन हसायचं असंल तर मोकळं हसा, त्या दिवशी अख्खं लामता गाव हसलं, तुम्ही तर घरचेच.

मले सहा वर्षांपासून आमवात आहे. कधी बोटं सुजतात, कधी गुडघा, आन येताना सांगून येत नाही. बालाघाटचे डॉक्टर म्हणतात, गोळ्या चुकवू नका, जमिनीवर बसू नका, दुखणं उसळलं की सांध्याले आराम द्या. गोळ्या मी चुकवत नाही. बाकीचं ऐकून घेते. शाळेत चाळीस पोरं माझं ऐकतात, मी एका गुडघ्याचं काहून ऐकू?

तर भाच्याचं लगन. भावाच्या पोराचं. बारात घेऊन आम्ही लामत्याले गेलतो. मांडवात वरपक्षाच्या मानाच्या बायांसाठी खाली गादी अंथरली होती. वहिनी म्हणाली, खुर्ची मागवते. मी म्हटलं, खुर्च्या म्हाताऱ्यांले दे. आन गादीच्या मधोमध मांडी घालून बसली.

अर्ध्या तासानं भटजींनी हाक दिली. साऱ्या बाया उठल्या. मीही उठायले गेली, तर उजवा गुडघा तापलेल्या विटेसारखा झालेला, जागचा हलेना. सांगायचं का कोणाले? मुळीच नाही. म्हटलं, तुम्ही चला, मी येते.

थोड्या वेळानं नवरीची काकू बोलवायले आली. मी दात आवळून हसली आन म्हटलं, "मी इथंच बरी आहे."

झालं. तिनं आत जाऊन सांगितलं, नवरदेवाची आत्या रुसली.

मंग काय विचारता? आधी लाडवाचं ताट आलं. मंग साडी आली. मी जसजशी नको नको म्हणे, तसतसं त्यांले वाटे, रुसवा मोठा दिसते. शेवटी दोन बाया पाय धुवायले परात घेऊन आल्या. एकीनं प्रेमानं माझा उजवा पाय ओढला.

"हात लावू नका!" मी किंचाळली.

दुखण्यानं किंचाळली हो. पण मांडवात दुसऱ्या टोकाले बातमी गेली ती अशी, की आत्याबाईंनी परात लाथाडली. भावाच्या कानी जाईपर्यंत तिचं 'बाईचा अपमान केला' असं झालं. माझा भाऊ तापट. माझ्या बहिणीचा मान नाही तिथं लगन नाही म्हणे. त्यानं बँड बंद करवला आन बसच्या ड्रायव्हरले शोधायले निघाला. नवरदेव बोहल्यावर मुंडावळ्या बांधून नुसता पाहून राह्यला.

तेवढ्यात नवरीचे वडील धावत आले. भला माणूस. माझ्यासमोर गुडघे टेकून बसले, हात जोडले.

"ताई, आमचं काय चुकलं ते सांगा. पोरीचं लगन मोडू नका."

डोळे भरून आलते त्यांचे. अडला होता माझा गुडघा, आन माफी मागून राह्यला होता तो माणूस. माझी सारी ऐट तिथंच उतरली. मी खणखणीत आवाजात सांगितलं, आन बँड बंद असल्यामुळे साऱ्या मांडवानं ऐकलं.

"मी रुसली नाही. मले उठताच येऊन नाही राह्यलं."

ते म्हणाले, "थांबा, खुर्ची आणतो." मंग जमिनीवर हात टेकून उठायले गेले, आन परत बसले. पुन्हा गेले, पुन्हा बसले. हळूच म्हणाले, "ताई, मलेही नाही येऊन राह्यलं."

आन त्यांनी बोटं दाखवली. माझ्यासारखीच, सुजलेली, वाकडी. आठ वर्षांचा आमवात. व्याह्यांले कळू नये म्हणून सकाळपासून धावपळ करून राह्यले होते बिचारे. "तुम्ही कोणती गोळी घेता?" त्यांनी विचारलं. मुहूर्त टळून राह्यला होता आन आम्ही दोघं गादीवर गोळ्यांच्या गोष्टी करून राह्यलो होतो.

भाऊ परत आला, त्यानं पाहिलं, त्याचा राग कुठच्या कुठं गेला. चार जणांनी आधी मले उचललं, मंग व्याह्यांले. शरबताच्या ड्रमातला बर्फ पंच्यात बांधून गुडघ्यांवर ठेवला. बोहल्याजवळ खुर्च्यांवर दोघांले बसवलं, आन लगन लागलं.

अक्षता टाकता टाकता भावानं वाकून विचारलं, "बाई, आधीच काहून नाही सांगितलं?"

मी म्हटलं, "लोक हसतील ना."

तेव्हा सारा मांडव हसून राह्यला होता, आन भटजींलेही हसू आवरेना म्हणून मंगलाष्टक अर्ध्यावर थांबलं होतं.