इंदूनं मलाच का नाही सांगितलं…

इंदूच्या लेकीचा, मनीषाचा फोन आला तेव्हा मी गच्चीवर कुरडया वाळत घालत होते. "मावशी, आई उठतच न्हाई… किती हलवलं तरी उठतच न्हाई," ती म्हणाली. मी पण काय बाई, तिला म्हणते, "अगं, बीपीची गोळी रिकाम्या पोटी घेतली असंल, तोंडावर पाणी मार, मी आलेच." पिठाचे हात तसेच घेऊन रिक्षात बसले. रिक्षावाल्याला रस्ताभर सांगत होते, माझी लहानपणची मैत्रीण आहे, काही झालं नाही तिला, घाबरायची गरज नाही. तो बिचारा "हौ माय, हौ" म्हणत होता. मस्तगडला इंदूच्या घरी पोचले तर दारात चपला… तेवढ्या चपला बघितल्या आणि माझे पाय तिथंच थांबले. डॉक्टर म्हणाले, झोपेतच हार्ट अटॅक. एकसष्टावं लागलं होतं तिला. त्याला आता दीड महिना झाला, पण मी हे लिहायला बसले ते त्या सकाळीसाठी नाही. खरा धक्का पुढं बसला.

इंदू आणि मी जाफराबादकडच्या एकाच गावच्या. सातवीपर्यंत एका बाकावर बसलो, दोघींची लग्नं जालन्यातच झाली. तिचा नवरा लवकर गेला, पदरात मनीषा. शिवणाची मशीन तेवढी घरात होती. त्या एका मशीनवर तिनं लेकीला शिकवलं, उजवलं, आणि मग घराच्या पुढच्या खोलीत शिवणक्लास काढला. लोक तिला इंदू मास्तरीण म्हणायचे. मस्तगडातल्या निम्म्या नवरीमुलींची ब्लाउजं तिच्या हातची, हे मी मैत्रीण म्हणून फुगवून सांगत नाही, कुणालाही विचारा. बोलायला मोठी तिखट. मी बोलायला लागले की टाचण्या तोंडातून काढून म्हणायची, "सरू, तुझ्या जिभेला कोणती बॉबिन लावलीय गं? दोरा संपतच न्हाई!" आणि पोरी खिदळायच्या. तिच्याकडं पोरी नुसतं शिवण शिकायला येत नव्हत्या, बरं का. कापड कापता कापता सगळं पोटातलं सांगायच्या. आईला सांगायच्या नाहीत ते इंदू मावशीला सांगायच्या.

कोमलचंच सांगते. कॉलेजला जाणारी पोरगी. ओळखीच्या एका मुलानं तिचे फोटो ठेवले होते आणि भेटायला आली नाहीस तर सगळ्यांना पाठवीन म्हणून धमकावत होता. पोरगी आठ दिवस जेवली नव्हती. त्या दिवशी मी तिथंच बसलेले होते. इंदूनं मशीन थांबवली आणि तिला समोर बसवून म्हणाली, "रडून घे आधी. मंग ऐक. त्याला आता एक अक्षर उत्तर द्यायचं न्हाई. भेटायला बिलकुल जायचं न्हाई. पैसे मागितले तर द्यायचे न्हाईत, एकदा दिले की तो मागतच राह्यतो. आणि फोनमधलं काही पुसायचं न्हाई, त्याचे मेसेज हीच आपली साक्ष." कोमल म्हणाली, "मावशी, घरी कळलं तर मारतील." तर ही म्हणते, "घरातलं एक माणूस सांग, ज्याची तुला भीती वाटत न्हाई. एकच पाहिजे, तिथून सुरू करू." कोमलनं आत्याचं नाव घेतलं. दुसऱ्या दिवशी इंदू, ती आत्या आणि कोमल, तिघी पोलीस ठाण्यात. जाताना पोरगी ओढणीनं तोंड झाकून घेत होती तर इंदूनं ओढणी खाली ओढली. "तोंड त्यानं लपवायचं. तू काय चोरी केली का?" त्या मुलाला बोलावलं, फोन जप्त झाला, प्रकरण तिथंच थांबलं. मागच्या उन्हाळ्यात कोमलचं लग्न झालं. शालूवरचं ब्लाउज अर्थात इंदूचं, पाठीवर मोराचं काम.

तेरावं झालं आणि मनीषानं आईचा फोन उघडला, शिवून पडलेली ब्लाउजं घेऊन जा म्हणून बायकांना कळवायला. थोड्या वेळानं आत आली, पांढरीफटक, फोन माझ्या हातात दिला. मी चष्मा लावला. "मास्तरीण, किती दिवस गप्प बसशील? उद्या सगळ्यांच्या घरी फोटो जातील." त्याच सकाळी आलेला मेसेज. म्हणजे तिच्या फोटोला हार घातलेला, आणि कुणी अनोळखी माणूस तिला अजून धमकावतोय! मला आधी काही कळेचना. वर वर सरकवत गेले तर दोन महिन्यांचे मेसेज…

झालं होतं ते असं. इंदूची एक पद्धत होती. ब्लाउज झालं की पोरीला तिथंच घालायला लावायची, पाठमोरं उभं करायची, मग वळवून हसायला लावायची आणि फोटो काढायची. तो तिचा आनंद. वहीत नाहीत तेवढे नमुने तिच्या फोनमध्ये. कुणा बाईच्या नावानं तिला मेसेज आला, ब्लाउजच्या डिझाइनची स्पर्धा आहे, तुमचं काम फार सुंदर, पोरींनी घातलेले फोटो पाठवा, चेहरा दिसला पाहिजे. माझी इंदू… कौतुकाला भुकेली होती हो. चाळीस वर्षं मान मोडून शिवलं, लोक "बरं झालंय" म्हणायचे आणि घेऊन जायचे. हिनं पाठवले. पोरींना न विचारता पाठवले. आणि चार दिवसांनी तेच चेहरे घाणेरड्या चित्रांना चिकटवून परत आले. आधी पैसे मागितले. तिनं पाठवले. पोरींना पैसे देऊ नका म्हणून सांगणाऱ्या इंदूनं पाठवले! मग त्यानं मागितलं ते लिहायला हात धजत नाही. पोरी कपडे घालून बघतात त्या पडद्याआड फोन लपवून ठेव म्हणाला. तिथं मात्र तिनं एकच ओळ लिहिली होती, "मेले तरी करणार न्हाई." त्यानंतर एकही उत्तर नाही, फक्त त्याच्या धमक्या.

त्या धमक्यांच्या तारखा बघितल्या आणि मला एक दुपार आठवली. ती माझ्याकडं आल्ती, कधी नाही ती हातात काम न घेता. चहा गार करून प्यायली. म्हणाली, "सरू, आपल्या हातून लेकरांचं नुकसान व्हायची वेळ आली तर काय करावं गं?" आणि मी! मला वाटलं मनीषाचं काही बोलते. मी लगेच माझ्या सुनेचं सुरू केलं, मग गुडघ्याचं, मग त्या डॉक्टरच्या खर्चाचं. मध्ये एकदा थांबून विचारलंसुद्धा, "तू काहीतरी म्हणत होतीस ना?" तर म्हणाली, "काही न्हाई गं, असंच." आणि गेली. किती वेळा त्या दुपारीत परत जाऊन बसते मी… गप्प बसते. पण ते आता.

मनीषा म्हणत होती, "मावशी, सगळं पुसून टाकू. सिम मोडून टाकू. आईचं नाव जाईल." खोटं कशाला बोलू, क्षणभर मलाही तेच बरं वाटलं. पण मग त्या पोरींचं काय? त्यांना माहीतच नाही आणि एक दिवस त्यांच्या दारात तो फोटो येऊन पडणार. आम्ही काही पुसलं नाही. आधी कोमलला बोलावलं, कारण फोटोत तीही होती. तिनं सगळं वाचलं. मला वाटलं चिडेल. ती म्हणाली, "मावशीनं मला हाक मारली असती तर मी यावेळी त्यांना घेऊन गेले असते." मग हमसून रडली.

घरोघरी आम्ही तिघी गेलो. एका आईनं दारातच सुनावलं, "मास्तरीणबाईंवर भरवसा ठेवून पोरगी पाठवली होती, आणि त्यांनी फोटो वाटत सुटावं?" चूक झालीच होती. मी हात जोडले आणि म्हणाले, "तुमचा राग बराबर आहे बाई. पण फोटो खोटा बनवलेला आहे, पोरीला काही बोलू नका, आणि अनोळखी नंबरवरून काही आलं तर उत्तर न देता आमच्याकडं आणा." त्यांनी दार लावलं. आम्ही पोलीस ठाण्यात गेलो, तर तासाभरानं त्याच बाई पोरीला घेऊन तिथं हजर. तिथल्या लेडी पोलीसनं तक्रार लिहून घेतली, मेसेज उतरवून घेतले, पैसे पाठवल्याची पावती घेतली. म्हणाली, "आज्जी, मास्तरीणबाई पहिल्याच मेसेजला आल्या असत्या तर लय सोपं झालं असतं." तो माणूस अजून सापडलेला नाही. एका घरी फोटो गेला, पण आम्ही आधी पोचलो होतो, म्हणून त्या घरात रडारड झाली नाही. बाकीच्यांकडं अजून तरी गेलेला नाही. अजून तरी… असंच म्हणावं लागतं.

लोक मला म्हणतात, इतकी शहाणी बाई, तिनं असं कसं केलं. मी विचार करून करून थकले. मला वाटतं, दुसऱ्याला धीर देणाऱ्याला स्वतःसाठी धीर मागता येत नाही. कोमलचा काही दोष नव्हता, म्हणून तिची ओढणी तिनं खाली ओढली. इथं थोडा दोष तिचा होता, आणि तेवढ्या थोड्या दोषानं तिचं तोंड बंद केलं. धमकावणारा तेच तर ओळखून असतो. चूक झाली असली तरी सांगायचं असतं, हे तिला सांगणारं माणूस मी होते, आणि मी गुडघ्याचं बोलत होते.

मागच्या रविवारी मनीषानं क्लासची खोली उघडली. पोरी आल्या, काहींच्या आयाही आल्या, सतरंजीवर बसल्या. मनीषानं सगळं जसंच्या तसं सांगितलं, आईची चूकसुद्धा. मीही बोलले, जरा जास्तच. मग एक एक करून सगळ्या गेल्या. एक पोरगी मागं राहिली, नवीनच असावी, मला तिचं नावही माहीत नाही. मशीनचं चाक उगाच पुढं मागं फिरवत होती. म्हणाली, "आज्जी… मला एक विचारायचं होतं. माझं न्हाई, मैत्रिणीचं आहे."

खिडकीपाशी इंदूचं स्टूल आहे, वर चिंध्या भरून केलेली उशी. त्या उशीत तिच्या बसण्याचा खोलगटपणा अजून तसाच आहे, दीड महिन्यात त्यावर कुणी बसलं नव्हतं. मी जाऊन तिथं बसले. पंखा फार आवाज करतो त्या खोलीतला, तो बंद केला.

"सांग बाळ," एवढंच म्हणाले, आणि गप्प बसले.