डेमोचं पोट

“शर्ट उतार. बनियान भी.”

जानेवारीची सकाळ. डेमो-रूममध्ये हीटर एकच, तोही सरांच्या पायाशी. मी शर्ट काढला, बनियन काढलं आणि रेग्झिनच्या गार टेबलावर उताणा झालो. भोवती बॅच उभी. स्वेटर, वर ॲप्रन, गळ्यात स्टेथो. मध्ये मी, कमरेपर्यंत उघडा.

सरांनी खिशातला निळा मार्कर काढून माझ्या फासळ्यांखाली रेघ ओढली. लिवर इथपर्यंत. मग हात ठेवला. गारठलेला हात. माझं पोट आक्रसलं तर म्हणाले, ढीला छोड. आणि बॅचकडे वळून म्हणाले, “देखो. ना चरबी, ना मसल. ऐसा पेट जनरल कैटेगरी में नहीं मिलेगा.”

बॅच हसली. जोरात नाही. सरांच्या विनोदाला विद्यार्थी हसतात तेवढीच. पण हसली.

मी दिल्लीतच वाढलो. बाबा यवतमाळकडचे, सरकारी ऑफिसात नोकरीला. घर सरोजिनी नगरच्या क्वार्टरमध्ये. आम्ही बौद्ध. मला ॲडमिशन आरक्षणातून मिळाली आणि मी ते कधी लपवलं नाही. लपवून करणार काय? कॉलेजात पहिल्याच आठवड्यात प्रत्येकाची रँक प्रत्येकाला पाठ असते.

पोटाचे आणि लिवरचे आजार नुसतं पुस्तक वाचून येत नाहीत, हाताला यावे लागतात. सुजलेलं लिवर ओळखायचं तर आधी निरोगी पोट हाताला माहीत पाहिजे. म्हणून आमच्याकडे पद्धत अशी की बॅचमधल्याच एकानं टेबलावर झोपायचं आणि बाकीच्यांनी त्याच्यावर शिकायचं. पहिल्या दिवशी सरांनी विचारलं, कोण येतं? सगळे आपापल्या बुटांकडे बघायला लागले. मी हात वर केला. खरं सांगतो, मला बरंही वाटलं. म्हटलं, सरांच्या लक्षात राहीन.

राहिलो ना. दुसऱ्या वेळी सरांनी विचारलंच नाही, नुसती मान हलवून टेबल दाखवलं. पुढे मान हलवायचीही गरज उरली नाही. माझं नाव गेलं आणि ‘लिवर’ झालं. कॅन्टीनमध्येसुद्धा, ए लिवर, चाय बोल दे.

सर नियम मात्र छान शिकवायचे. आधी पेशंटची परवानगी घ्या. हात चोळून गरम करा. दाबताना नजर पोटावर नको, चेहऱ्यावर ठेवा, दुखलं तर चेहरा सांगतो. परीक्षेत याला मार्क असतात. हे सगळं ते सांगायचे तेव्हा त्यांचा गार हात माझ्या पोटावर असायचा आणि माझ्या चेहऱ्याकडे कुणीच बघत नसायचं. मग एकेक जण यायचा. कुणाच्या बोटात अंगठी, कुणाची नखं वाढलेली. श्वास घे. सोड. परत घे. मी घ्यायचो, सोडायचो.

एके दिवशी विषय होता दारूनं खराब होणारं लिवर. सर म्हणाले, पेशंट पिण्याबद्दल खोटंच बोलतो, तो सांगेल त्याच्या दुप्पट धरायचं. नमुना म्हणून मलाच विचारलं, पितोस? मी म्हटलं, नाही सर. बाप? मी म्हटलं, नाही सर, घरात कुणीच नाही.

“ज़ीरो का डबल ज़ीरो होता है,” सर म्हणाले. “लेकिन इनके यहाँ नहीं.”

या वेळी बॅच मोकळेपणानं हसली.

माझ्या बापानं आयुष्यात दारूचा थेंब घेतला नाही. पंचशील आमच्या घरात भिंतीवर टांगण्यापुरतं नाही. ऑफिसच्या पार्टीत लोक अजून म्हणतात, अरे थोडी तो लो, तुम लोग तो लेते हो. बाबा हसून पाण्याचा ग्लास उचलतात. वर्षानुवर्षं त्यांनी ते हसू सांभाळलंय. आणि इथे एका माणसानं एका वाक्यात त्यांना दारुडा करून टाकलं, तेही माझ्या उघड्या पोटावर हात ठेवून. मला तो हात झटकावासा वाटला. मी छताकडे बघत राहिलो. मला राग सरांचा आला होता, त्याहून जास्त माझा स्वतःचा.

मार्करची शाई लवकर जात नाही. त्या दिवशी ती बनियनला लागली. आईनं धुवायला घेताना पाहिली आणि मला गाठलं.

“हे काय रे? कुणी लिहिलं तुझ्या अंगावर?”

मी म्हटलं, प्रॅक्टिकल असतं आई, सगळ्यांनाच करावं लागतं. तिनं बनियन बाजूला ठेवलं आणि माझ्याकडे बघत राहिली. सगळ्यांच्या आयांना धुवावं लागतं का हे, एवढंच विचारलं.

बाबांच्या कानावर गेलं. मी फक्त टेबलाचं सांगितलं, दारूचं गिळलं. बाबा म्हणाले, बेटा, काढ थोडे दिवस. डिग्री हातात येऊ दे, मग बघू. बाबांनी नोकरी अशीच काढली होती.

मग वॉर्डातली पोस्टिंग सुरू झाली. प्रत्येकानं एकेक पेशंट तपासायचा, सरांपुढे मांडायचा. शेवटी सर सही करणार. सही नसेल तर परीक्षेला बसता येत नाही, पोस्टिंग पहिल्यापासून परत. माझ्या वाट्याला आला नोएडाच्या एका कारखान्यात पॅकिंग करणारा चाळिशीचा माणूस. डोळे पिवळे, पोट फुगलेलं. मी परवानगी घेतली. हात चोळले. त्याच्या चेहऱ्याकडे बघत उजव्या फासळ्यांखाली हात ठेवला आणि म्हटलं, लंबी साँस लो. लिवरची कड बोटांना लागायला हवी होती. लागेना. परत पाहिलं. फासळ्यांखाली सगळं एकसारखं टणक, कड कुठेच नाही. मी सरांना सांगितलं, लिवर हाताला लागत नाही.

सरांनी बॅचमधल्या दुसऱ्या मुलाला पुढे बोलावलं. त्यानं हात खाली ठेवला, पार ओटीपोटाच्या उजव्या बाजूला, आणि एकेक श्वासाला थोडा थोडा वर सरकवत आला. बेंबीपाशी थांबला. म्हणाला, यहाँ है सर. कड तिथे होती. लिवर इतकं वाढलेलं होतं की मी लिवरवरच हात ठेवून लिवर शोधत होतो.

“इसको सिर्फ़ अपना लिवर आता है,” सर म्हणाले. “कोटे से सीट मिलती है, हाथ नहीं मिलता.”

पेशंटसमोर. सिस्टरसमोर. पेशंटनं माझ्याकडे पाहिलं आणि हळूच चादर वर ओढून घेतली.

जिन्यात तोच मुलगा भेटला, ज्यानं कड शोधली होती. वाईट मुलगा नव्हता. समजूत घालायला म्हणाला, टेन्शन मत ले, खालून सुरू करायचं असतं, किती वेळा तर केलंय आपण. कुणावर केलं, मी विचारलं. तो सहज बोलून गेला, “तेरे पे यार. तू तो लेटा रहता था.”

खालून सुरू करायचं, हे मला पुस्तकातून पाठ होतं. पण पाठ डोक्याला असतं, हाताला नाही. बॅचचे सगळे हात माझ्या पोटावर तयार झाले आणि माझा एकट्याचा हात कोरा राहिला. सर माझ्यावर दाखवताना सरळ फासळ्यांखाली दाबायचे, कारण माझं लिवर तिथेच आहे हे त्यांना ठाऊक होतं. मला माहीत होती ती तेवढीच जागा, आणि तीसुद्धा दाबून घेणाऱ्याच्या बाजूनं. ज्यानं मला शिकू दिलं नाही, तोच आता म्हणत होता की यांना येत नाही. आणि मी? हे सगळं मी सोसणं समजत होतो. ते सोसणं नव्हतं. रोज थोडं थोडं स्वतःला अडाणी करून घेणं होतं.

पुढचा डेमो. मी आत गेलो आणि बॅचमध्ये जाऊन उभा राहिलो. ॲप्रनची बटणं लावलेली. सरांनी टेबलाकडे बोट केलं.

“चल, लिवर.”

“नहीं सर. रोल नंबर से बुलाइए. मुझे भी हाथ लगाकर सीखना है.”

सर म्हणाले, ठीक है, और कोई? कुणी पुढे येईना. स्वेटर आणखी घट्ट झाले. इतक्या मोठ्या बॅचमध्ये एकालाही पोट नव्हतं. जिन्यातला तो मुलगा खिडकीबाहेर बघत राहिला. सरांनी मार्करचं टोपण लावलं आणि जाता जाता सांगितलं की क्लास माझ्यामुळे बंद झालाय आणि माझी सही होणार नाही. लगेच दोघंतिघं माझ्याजवळ आले. सरांवर नाही, माझ्यावर चिडलेले. पाच मिनट लेट जाता तो क्या जाता?

काय जातं ते त्यांना सांगून कळलं नसतं. ते कधी झोपलेच नव्हते.

घरी जाऊन बाबांना सगळं सांगितलं. या वेळी दारूचंही, शब्द न् शब्द. बाबांचं ते ऑफिसातलं हसू चेहऱ्यावर कुठेच नव्हतं. मग म्हणाले, “तक्रार दे. माझ्याबद्दल बोलला ते पण लिही. गाळू नको.”

मी लिहिलं. विभागप्रमुखांकडे दिलं, खाली माझं पूर्ण नाव. अजून उत्तर नाही. सही झालेली नाही, पोस्टिंग परत करतोय, त्याच सरांकडे, एका ज्युनियर बॅचबरोबर. ती मुलं मला भाव देत नाहीत. न देवोत. रोज सकाळी वॉर्डात जातो, पेशंटला विचारतो, हो म्हणाला तर हात लावतो. नाही म्हणाला तर पुढच्या कॉटवर. गेल्या आठवड्यात एका बाईच्या पोटात लिवरची कड मला पहिल्यांदा स्पष्ट लागली. मला आनंद झाला नाही. एवढं साधं शिकायला मला दोन पोस्टिंगा लागल्या, याची चीडच आली.

या ज्युनियर बॅचमध्येही एक किडकिडीत मुलगा आहे. बुलडाण्याचा. येत्या परवाच्या डेमोला सरांनी त्याला बोलावलंय आणि त्यानं खुशीत हो म्हटलंय. मी त्याला गाठून सगळं सांगितलं. तो म्हणाला, सर लक्षात ठेवतील मला.

परवा मी त्या खोलीत असणार आहे. ही सहीही गेली तरी. तो टेबलावर चढला, तर मी सगळ्यांसमोर त्याला हात धरून खाली उतरवणार.